भोपळा कुठे बांधायचा

मी बरी झाले का, असं कुणी विचारलं की मला सरळ उत्तर देता येत नाही. मणक्याचा टीबी गेला. पाय परत आले नाहीत. डॉक्टरांच्या कागदावर मी बरी आहे आणि माझ्या खुर्चीला चाकं आहेत, दोन्ही खरं आहे.

ज्यांच्या घरात हा आजार नुकताच शिरलाय त्यांच्यासाठी हे लिहितेय. आजाराची माहिती डॉक्टर देतील, मी देणार नाही. डॉक्टरांनी न सांगितलेलं जे मला फार उशिरा कळलं, तेवढंच सांगते. आणि खरं सांगायचं तर हे माझ्या वडिलांसाठी लिहितेय. त्यांना सांगायचं होतं ते राहून गेलं.

नानांचा भोपळा

आम्ही सायखेड्याचे. गोदावरीच्या काठाला घरचा मळा. कोबी, वांगी, कोथिंबीर आणि दसऱ्याला झेंडू. नाना, म्हणजे माझे वडील, वर्षभर भाजी पिकवायचे आणि उन्हाळ्यात गावातल्या पोरापोरींना पोहायला शिकवायचे. त्यांच्या हाताखालून गेला नाही असा माणूस आमच्या आळीत सापडणार नाही.

मळ्याच्या बांधावर कडू भोपळ्याचा एक वेल असायचा. तो खायचा नाही, बाजारात न्यायचा नाही. देठ सुकेपर्यंत भोपळा वेलावरच ठेवायचा, मग घरात आढ्याला टांगायचा. हलवल्यावर आतल्या बिया खुळखुळ वाजल्या की तो पाण्यात न्यायला तयार. मग दोरीच्या जाळीत बसवून तो पोराच्या कमरेला मागून बांधायचा. जागा ठरलेली, बरोबर कमरेच्या मणक्यावर. नानांना त्यांच्या वडिलांनी तिथेच बांधला होता, आणि त्यांना त्यांच्या वडिलांनी.

मला त्यांनी सहाव्या वर्षी नदीत उतरवलं. पाचव्या दिवशी मी हातपाय मारत बरीच पुढे गेले, तेव्हा मागून हाक आली.

"पमे, मागं बघ. तुझा भोपळा इथं हाय, माझ्या हातात."

कधी गाठ सोडली ते कळलंच नव्हतं. मी तिथल्या तिथे रडायला लागले आणि रडत रडत पोहत परत आले. त्यानंतर तेरा वर्षं मी पाण्यातच होते असं म्हटलं तरी चालेल. आईला वाटायचं, या पोरीला नवरा नदीकाठचाच बघावा लागणार.

चप्पल

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला पाठ दुखायला लागली. शहाण्णव साल असेल. संध्याकाळी अंगात कणकण यायची. गावात कुणी वात म्हणालं, कुणी अशक्तपणा. एका मालिशवाल्या आजोबांनी पंधरा दिवस तेल चोळलं. त्यांचा तरी काय दोष! मला स्वतःलाच वाटत होतं की कोबीचे गड्डे उचलून पाठ धरली असेल.

मग एका सकाळी एसटी स्टँडवर चालत गेले आणि मैत्रीण म्हणाली, "अगं, एका पायात चप्पल कुठंय?" मागे वळून पाहिलं तर चप्पल रस्त्यात, बरीच लांब पडलेली. पायातून कधी निसटली, अनवाणी पायाला खडे कधी लागले, काही म्हणजे काही कळलं नव्हतं. मैत्रीण हसली. मी पण हसले.

आठवड्याच्या आत पाय गेले. नाशिकच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या तळव्यावर किल्ली ओढली आणि विचारलं, "लागतंय?" मी म्हटलं, "ओढा ना." त्यांची ओढून झाली होती.

फोटो, तपासण्या सगळं झाल्यावर त्यांनी नानांना बाहेर बोलावलं. दार उघडंच होतं. टीबीने मणका पोखरलाय, ऑपरेशन करावं लागेल, पायांचं आज काही सांगता येत नाही, असं ते म्हणाले. दुसऱ्या कुठल्याही बापाने विचारलं असतं, चालेल का हो पोरगी? नानांनी विचारलं, "डॉक्टरसायेब, पोहता येईल का हिला?"

"आधी बसू तर द्या तिला," डॉक्टर म्हणाले. नाना आत आले, माझ्या उशाशी उभे राहिले आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिले. मी त्यांना रडताना तोवर कधी पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही पाहिलं नाही, कारण त्यांनी तोंड वळवलंच नाही.

सात आठवडे

दवाखान्यातलं आयुष्य घड्याळावर चालतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. लघवीची पिशवी, बेडपॅन, आणि पडद्याच्या पलीकडे कुणाचे तरी पाहुणे मजेत गप्पा मारतायत. एकोणीस वर्षांच्या मुलीला आपल्या आईने लहान बाळासारखं पुसावं, यात काय वाटतं ते मी लिहू शकत नाही. लाजेचा राग होतो, एवढं सांगते. तो मी सगळा आईवर काढला. तिने केस विंचरायला घेतले की म्हणायचे, "राहू दे, कुठं मिरवायचंय मला?" एकदा तर म्हणाले, "तुला काय, तुझे पाय आहेत." ती फणीतले केस काढत राहिली. आजही ते वाक्य आठवलं की जीभ हासडावीशी वाटते.

चांगल्या गोष्टीही होत्या, नव्हत्या असं नाही. वॉर्डातल्या आयाबाई डोक्याला तेल लावता लावता बायकांच्या चहाड्या सांगायच्या. आणि नाना भाजी मार्केटला टाकून सकाळी सकाळी यायचे, तेव्हा त्यांच्या सदऱ्याला कोथिंबिरीचा वास असायचा. ते गेल्यावर मी त्यांनी धरलेल्या हाताचा वास घेत पडून राहायचे.

फॉर्म

दीड वर्ष गोळ्या चालल्या. व्यायामासाठी मला नाशिकला दादाकडे, इंदिरानगरला ठेवलं. त्याचा फ्लॅट तळमजल्यावर होता म्हणून. दादाची खोली माझी झाली आणि दादा-वहिनी हॉलमध्ये झोपायला लागले. वहिनी वाईट नव्हती. पण नवीन लग्न, आणि घरात चोवीस तास नणंद, तीही अशी. स्वयंपाकघरातली भांडी कधी कधी जास्त वाजायची, आणि ती का वाजतात ते मला कळायचं.

व्यायाम करून घेणाऱ्या ताई म्हणाल्या, "पोहायचीस म्हणतेस ना? मग पाण्यात व्यायाम कर. तुझ्यासाठी त्याहून चांगलं काही नाही." त्या रात्री मी कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवले.

दादा मला एका तलावावर घेऊन गेला. दारात पाच पायऱ्या. त्याने आणि रिक्षावाल्याने मला उचलून वर नेलं. तिथल्या साहेबांनी फॉर्म दिला. त्यात लिहिलं होतं, अर्जदार शारीरिकदृष्ट्या पूर्ण तंदुरुस्त असल्याचा दाखला जोडावा. मी म्हटलं, "मला पोहता येतं. लहानपणापासून येतं." साहेब माझ्याशी बोललेच नाहीत. दादाला म्हणाले, "उद्या काही झालं तर जबाबदारी कोण घेणार? शिवाय पाणी सगळ्यांचं असतं, लोक तक्रार करतात. समजून घ्या." काय समजून घ्यायचं ते दादाला समजलं, मलाही समजलं.

मी जगात कुठे कुठे जाऊ शकणार नाही याची यादी मनात रोज वाढत होती. पाणी त्या यादीत जाईल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

घाट

नानांना हे कळलं तेव्हा ते लालबुंद झाले. "दाखला पायजे? पाण्यात जायाला दाखला? चल, आपली नदी काय कोणाच्या बापाची हाय?"

उन्हाळा होता. नदी शांत, पाणी बंधाऱ्याने तुंबलेलं. नानांनी आढ्यावरचा सगळ्यात मोठा भोपळा काढला, कानाशी धरून खुळखुळवला आणि माझ्याकडे बघून हसले. दादाने मला पाठुंगळी घेऊन घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसवलं. नानांनी भोपळा बांधला, कमरेला, मागून, ठरल्या जागी. गाठ दोनदा ओढून पाहिली.

"घाबरू नको. मी हाय ना."

"मी कशाला घाबरू," मी म्हटलं. आणि खरंच घाबरले नव्हते. गार पाणी छातीला लागलं आणि मी स्वतःला पुढे झोकून दिलं.

काय झालं ते मला पाण्याच्या आतूनच दिसलं. कमर वर गेली, पाय वर गेले आणि डोकं सरळ खाली. मान उचलायला गेले तर पाठ ऑपरेशनमुळे सळईसारखी ताठ. हात मारले, पण दोन वर्षं अंथरुणात पडलेले हात ते. नाकातोंडात पाणी. वर भोपळा मला घट्ट धरून ठेवत होता, उलटी.

नानांनी कपड्यांसकट उडी मारून मला बाहेर ओढलं. मी खोकत होते, ओकत होते. जरा दम खाल्ल्यावर पाहिलं, तर ते पायरीवर बसून माझ्या कमरेची दोरी ओढत होते. भोपळ्याची गाठ त्यांना सुटेना. शेवटी दादाने सोडली.

मी म्हटलं, "नाना, पुन्हा करू. मी जरा नीट..."

"नाय."

एवढंच. घरी आल्यावर त्यांनी भोपळा माळ्यावर टाकला. त्या उन्हाळ्यानंतर त्यांनी सायखेड्यातल्या एकाही पोराला भोपळा बांधला नाही. लोक विचारायचे, "नाना, यंदा?" ते म्हणायचे, "कंबर दुखते." आपल्या हाताने आपण पोरीला बुडवत होतो, हे त्यांच्या मनाने घेतलं ते घेतलंच. मला ते दिसत होतं आणि त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं. तुमचं काही चुकलं नाही म्हणायला, काय चुकलं ते तर कळायला हवं!

वीतभर वर

मग सहा-सात वर्षं गेली. मी दादाच्या घरातच मुलांच्या शिकवण्या घ्यायला लागले. वहिनीशी जमलं. तिच्या मुलीला मीच वाढवली म्हणा ना. शिकवणीला येणाऱ्या एका मुलाची आई शाळेच्या तलावावर पोहायला शिकवायची. शिंदे मॅडम. एकदा त्यांना सगळं सांगितलं, तशा त्या म्हणाल्या, "गुरुवारी तलाव सफाईसाठी बंद असतो. या तुम्ही. बघू काय होतंय."

चाकांची खुर्ची चढावी म्हणून त्यांनी सुताराकडून दारासाठी लाकडी फळी करून घेतली. प्लास्टिकच्या खुर्चीला चार दोर बांधले आणि मला खुर्चीसकट पाण्यात सोडलं. पायात जाड मोजे घालायला लावले, कारण पायाची बोटं फरशीला घासतात आणि आपल्याला कळत नाही. (हे लक्षात ठेवा. माझी एक जखम तीन महिने भरली नव्हती.) तलावात एक फळी, एक खुर्ची, एक जोडी मोजे, एवढंच लागलं. सात वर्षं मी एवढ्यासाठी कोरडी राहिले होते.

मॅडमनी मला नुसतं दोन हातांवर धरून ठेवलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमचे पाय बुडत नाहीत. हलके झालेत, आपोआप वर येतात. कमरेला तरंगणारं काही बांधलं की डोकं खाली जाणारच. आधार छातीखाली हवा, काखेच्या खाली."

"म्हणजे कमरेच्या किती वर?"

"असेल वीतभर."

मी पाण्यातच रडले. डोळ्यांत क्लोरीन गेलं म्हणून सांगितलं. नानांचं एवढंच चुकलं होतं, वीतभर. आणि तेही चुकलं म्हणता येत नाही. धडधाकट पोराला तिथेच बांधायचा असतो.

आता तुम्ही म्हणाल, त्याच संध्याकाळी फोन केला असेल. नाही केला. मला वाटलं, सांगण्यापेक्षा दाखवू. या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहता आलं की नानांना गुरुवारी बोलवायचं, काठावर उभं करायचं, आणि मधोमध गेल्यावर हाक मारायची, "नाना, बघा, कुठं बांधलाय!" ऑक्टोबरपर्यंत मी पाऊण तलाव पोहायला लागले. मग थंडी पडली. आमच्या नाशिकची थंडी, तलाव बंद झाला. म्हटलं, फेब्रुवारीत उरलेला पाव.

नाना मार्केटला आले की चहाला यायचेच. एका गुरुवारी अचानक आले आणि माझे केस ओले पाहून म्हणाले, "आज वेळ झाला का न्हायाला?" मी म्हटलं, "हो, आत्ताच न्हाले." वहिनी ओट्याकडे तोंड करून हसली.

आणि अजून एकदा. दिवाळीनंतर असेल. मी पलंगावर बसले होते. नाना खाली बसले, खिशातून सुतळी काढली आणि माझ्या घोट्याभोवती गुंडाळायला लागले. मला वाटलं, झालं, कुणीतरी पुन्हा दोरा-गंडा सांगितला. मी फटकन बोलले, "नाना, पुरे आता. दोऱ्यांनी पाय येत नसतात." त्यांनी सुतळीला एक गाठ मारली, ती खिशात टाकली आणि म्हणाले, "बरं, बरं. चहा घेऊ."

जानेवारीत, सकाळी कोबीला पाणी देताना, ते बांधावर बसले ते उठले नाहीत.

माळा

तेरावं झाल्यावर मी दादाला म्हटलं, माळ्यावरचा भोपळा काढ. तो वर चढला आणि बराच वेळ खाली येईना. आला तेव्हा त्याच्या हातात तीन भोपळे होते. एक तो मोठा. आणि दोन छोटे, नारळाएवढे, त्या वर्षीचेच, चांगले वाळलेले. छोट्यांना नव्या दोरीची जाळी होती आणि प्रत्येकाला एकेक फास. एका फासात सुतळीचा गाठ मारलेला तुकडा अजून अडकलेला होता.

मी ती सुतळी ओळखली.

आई भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "चार उन्हाळे झाले. झुंजूमुंजू झालं की नदीवर जायचे. पंचानं सोताचे पाय बांधायचे आन् पडायचे पान्यात. म्या लय भांडले. म्हातारपणी मरायचं का, म्हटलं. तर म्हनायचे, पमीला काय होतं ते मला कळाया नको का?"

"मग मला का नाही सांगितलं कुणी?"

"मना केलं व्हतं. म्हनले, नक्की झालं की मीच सांगीन. यंदा म्हनले, सापडलं. पाय बुडत्यात, पायालाच भोपळे पायजे."

मी दोन्ही छोटे भोपळे मांडीवर घेतले. घोट्यांना मापात बसणारे फास. नानांचे पाय बांधले तरी जिवंत होते, जड होते. ते बुडणारच. माझे तरंगतात. नानांनी चार उन्हाळे स्वतःला बुडवून जे उत्तर काढलं ते चुकीचं होतं. ते भोपळे माझ्या पायांना बांधले असते तर मी पुन्हा तशीच उलटी झाले असते. बरोबर उत्तर माझ्याकडे होतं. आठ महिने होतं. समोर बसून चहा पिताना होतं. दोघेही नक्की व्हायची वाट बघत होतो.

आईने विचारलं, "बरोबर हाय का गं त्यांचं? चाललं असतं का?"

मी म्हटलं, "हो आई. अगदी बरोबर आहे."

आता

त्या फेब्रुवारीत मी उरलेला पाव तलाव पोहले. मोठा भोपळा छातीखाली बांधून. काठावर दादा होता, वहिनी होती. मधोमध पोहोचल्यावर हाक मारायची होती ती मी मारली नाही.

तलाव आता गुरुवारी आमचा असतो. सात-आठ जण येतात, कुणाचा पोलिओ, कुणाचा अपघात. फळी तीच आहे. मॅडम शिकवतात, मी पाण्यातून ओरडते. माझं ऐकायचं असेल तर घरात असा माणूस असलेल्यांना एकच सांगणं आहे. त्याला पाण्यात न्या, मैदानात न्या, जमेल तिथे न्या, पण आपल्या धडधाकट अंगावरून त्याचं माप काढू नका. त्यालाच विचारा. आणि काही कळलं तर पाऊण कळल्यावरच सांगून टाका.

गेल्या महिन्यात वणीकडची एक मुलगी आली. सहा वर्षांची, दोन्ही पाय बारीक, आईच्या पदराला घट्ट धरून बसलेली. मी घरून छोटे भोपळे आणले होते. नानांनी माझ्या घोट्यांसाठी घातलेले फास तिच्या दंडांना बरोबर बसले, काखेच्या अगदी खाली. गाठ मी दोनदा ओढून पाहिली. तिने एक भोपळा कानाशी नेला, हलवला आणि पहिल्यांदा हसली.

"आत काय हे?"

"बिया."

"कुनी केलं हे?"

"माझ्या नानांनी."

"कुठं हायेत ते?"

मी तिला दोन हातांवर घेऊन पाण्यात उतरवलं. म्हटलं, "घाबरू नको. मी आहे ना."